घाणीची जागा

चाचा काहीही बोलण्याआधी उजव्या कानाच्या घडीत खोचलेला कापसाचा फाया काढायचे, नाकाशी धरायचे, डोळे मिटून एक लांब श्वास घ्यायचे आणि फाया परत कानात ठेवून म्हणायचे, "हां. आता बोला."

समोरच्याला घाई असली तर त्याची पंचाईत. चाचांना घाई नसायची. थंडीत हिना, उन्हाळ्यात खस. अत्तर दौंडच्या एका ठरलेल्या दुकानातून यायचं, आणि भेटेल त्याच्या मनगटावर ते फाया टेकवायचेच. मग तो सरपंच असो, पोल्ट्रीवर कामाला आलेला बिहारी मजूर असो, की पक्ष्यांची औषधं विकायला आलेला, पत्ता चुकलेला सेल्समन असो.

"आधी वास, मग बोलणं," ते म्हणायचे. "तोंडातनं घाण निघत न्हाई."

"म्हणजे शिवी?" मी एकदा विचारलं.

"शिवी न्हाई, आन् खोटं बी न्हाई. बघा करून."

शेजारी एक पोल्ट्रीवाला उभा होता. तो म्हणाला, "मग चाचा, इलेक्शनला समद्यांना एकएक बाटली वाटा की."

चाचांनी फाया काढला, वास घेतला, परत ठेवला. "येवढं अत्तर दौंडात न्हाई मिळायचं."

आणि हा माणूस मेलेल्या कोंबड्या उचलायचं काम करायचा.

यवत-कासुर्डीच्या पट्ट्यात हायवे सोडून आत वळलात तर तुम्हालाही दिसेल, माळाच्या कडेकडेनं पोल्ट्रीचे लांबच लांब शेड आहेत. प्रत्येक शेडमध्ये रोज काही पक्षी मरतात. उकाड्यानं मरतात, चेंगरून मरतात, उगाचही मरतात. त्याला तिकडं मरतुक म्हणतात. कामगार सकाळी मरतुक गोळा करून दाराबाहेर ढीग घालतो, आणि ऊन चढलं की तो ढीग फुगायला लागतो. त्याचं वर्णन मी करत नाही. ज्यानं तो वास घेतला आहे त्याला वर्णन नको, आणि ज्यानं घेतला नाही त्याला ते करून उपयोग नाही.

चाचा मोपेडला दोन्ही अंगांनी निळी पिंपं बांधून ऊन चढायच्या आत सगळे शेड फिरायचे. मरतुक भरायचे, आपल्या पडीक तुकड्यात खोल खड्डा खणलेला असायचा, त्यात टाकायचे, वर चुना, वर माती. मग बोअरवर जाऊन कोपरापर्यंत साबण लावून हात धुवायचे, एकदा पाण्यानं, परत साबण, परत पाणी. नवा शर्ट, नवा फाया. त्यानंतरच माणसांत.

हॉटेलात चहाला आले की खिशातून स्वतःचा स्टीलचा पेला काढायचे. त्यांच्यासाठी वेगळा ग्लास ठेवावा असं हॉटेलवाल्याच्या मनात यायच्या आधीच. तसं कुणी सुचवण्याची वेळच ते येऊ देत नसत.

खड्डा बुजवताना ते काहीतरी पुटपुटायचे. मला वाटायचं दुवा असेल.

"कसली दुवा, कोंबडीला?" ते हसले. "म्हणतो, चल, सुटलीस. आन् मेलेल्याला माती मिळाली पायजे, सर. आमच्यात तसंच हाय. कोंबडी झाली म्हणून काय झालं?" मग फावड्यानं माती थोपटत, "घाणीला बी तिची जागा असती. जागेवर हाय तवर ती घाण न्हाईच."

हे वाक्य त्यांनी मला किती वेळा ऐकवलं असेल. मी मान हलवायचो. मला बोलायची फारशी सवय नाही. मान हलवण्यावर माझी नोकरी बरीच वर्षं चालली आहे.

नोकरी म्हणजे एका संस्थेची. संस्थेचं नाव लिहीत नाही, चाचांचंही लिहीत नाही. आमचं काम असं, की माळ राखायचा आणि माळाच्या कडेला राहणाऱ्याला पोटापुरतं मिळवून द्यायचं. दोन्ही एकदम. आम्ही यायच्या आधी तिथं मुरुमाच्या गाड्या लागायच्या. कुसळी गवतानं भरलेली टेकडी बघता बघता अर्धी खरवडून न्यायचे, आणि गावातली माणसं मुकाट्यानं भरून द्यायची, कारण त्या दिवसाची मजुरी तिथंच होती. आम्ही सांगितलं, हे गवत उजाड नाही. यात चिंकारा आहे, खोकड आहे, लांडगा आहे. हे बघायला पुण्यामुंबईहून लोक येतील, त्यांना फिरवा, जेवायला घाला. मुरुमापेक्षा जास्त मिळेल आणि टेकडीही जागेवर राहील.

आजही मला यात काही चूक वाटत नाही. चूक वाटलं असतं तर सोपं गेलं असतं.

गावानं ऐकलं. गाड्या बंद झाल्या. तरुण मुलं गाइड झाली. बायकांनी जेवणं धरली, आणि सगळ्यांत चांगलं जेवण चाचांच्या लेकीचं. तिला मांडवगण फराट्याला दिलेली होती. नवऱ्यानं दुसरी आणली, तशी ही लहानग्या मुलीला घेऊन परत आली. काही दिवस पोल्ट्रीवर खुराडी धुवायला जायची. हाताची सालं निघाली होती. तिच्या हातची बाजरीची भाकरी, वांगं आणि शेंगदाण्याची चटणी खाऊन पाहुणे बोटं चाटायचे. "अस्सल शेतकरी घरचं जेवण" असं आम्ही छापलं होतं. तिची ओळख करून देताना मी नुसतं "ताई" म्हणायचो, नाव सांगायचो नाही. पाहुण्यांपैकी कुणी तोंड वाकडं केलं तर, म्हणून. तिनं कधी विचारलं नाही. चाचांनी एकदाच विचारलं, "सर, माझ्या पोरीला नाव हाय, ठावं हाय न्हवं?" मी मान हलवली.

पण लांडगा काही वेळापत्रकावर येत नाही. पाहुणे पहाटे जीपमध्ये दोन तास कुडकुडत बसायचे, चंडोल बघायचे, धुळीत लोळणारे होले बघायचे, आणि चहाच्या वेळेला कुरकुरायला लागायचे. एक बाई म्हणाल्या, "घासच बघायचं होतं तर आमच्या सोसायटीत लॉन आहे." दुसऱ्या महिन्यात बुकिंग घटली. तिसऱ्या महिन्यात मुरुमवाल्याचा माणूस पांढरी गाडी घेऊन चावडीपाशी दिसला. मला कळत होतं, अजून थोडे दिवस रिकामे गेले की टेकडी जाईल, आणि चाचांची लेक परत खुराडी धुवायला जाईल.

तेव्हा ती कल्पना माझ्या डोक्यात आली. माझ्याच. पुढं ती गाइडांची, पोल्ट्रीवाल्यांची, सगळ्यांची झाली, पण पहिल्यांदा चाचांच्या खड्ड्यापाशी जाऊन बोललो तो मीच.

"चाचा, हे पुरू नका. टेकडीच्या मागं, जिथं जीप थांबते ना, त्याच्या समोरच्या घळीत टाका. लांडगे येतील."

त्यांनी फाया काढला. वास घेतला. या वेळी "आता बोला" म्हणाले नाहीत.

"येतील की. फुकटचं कुणाला नको?" मग, "पर सर, ते शिकार करणारं जनावर हाय. आन् तुम्ही त्याला आमच्यासारखं मरतुकीवर लावायलाय."

"थोडेच दिवस. सवय लागली की बंद करू."

"सवय लागल्यावर कोण बंद करतं, सर?" ते हसत म्हणाले. रागानं म्हणाले असते तर मला परत फिरता आलं असतं.

मी त्यांच्या लेकीचं नाव काढलं. हे लिहिताना हात थांबतो, पण लिहितो. म्हणालो, "पाहुणे तुटले तर पहिली झळ तिलाच लागेल." चाचांनी फावडं खड्ड्याच्या कडेला टेकवलं. मग म्हणाले, "घळीत म्हंजी कुठशी? बोट करून दावा."

लांडगे आले. आठवड्याच्या आतच आले. एक मोठी मादी, दोन नर, पुढं तिची पिल्लं. ऊन कोवळं असताना टेकडीच्या धारेवरून खाली उतरायचे आणि जीपपासून हाकेच्या अंतरावर तोंड घालायचे. क्यामेऱ्यांचा खडखडाट व्हायचा. कुणी रडायचं, कुणी एकमेकांना मिठ्या मारायचं. "इतकं रॉ, इतकं अनटच्ड," असं एक गृहस्थ नाकाला रुमाल धरून म्हणाले. रुमाल कशासाठी धरावा लागतोय हा प्रश्न त्यांना पडला नाही. मी बघत होतो.

आमच्या ऑफिसात एका पाहुण्यानं काढलेला मोठा फोटो लावलेला आहे. सोनेरी गवत, मागं निळी टेकडी, मादी सरळ तुमच्या डोळ्यांत बघते आहे. तिच्या ओठाच्या कडेला एक पांढरं पीस चिकटलं होतं. छपाईच्या आधी ते काढून टाकलं. खाली लिहिलं आहे, "सहजीवन".

पण खरंही सांगितलं पाहिजे. गावात चार पैसे आले. चाचांच्या लेकीनं पत्रा काढून स्लॅब टाकली, मुलीला यवतच्या इंग्रजी शाळेत घातलं, स्वतःची स्कूटी घेतली. पांढरी गाडी परत दिसली नाही. टेकडीवर गवत गुडघ्याएवढं झालं. संस्थेची माणसं दिल्लीहून आली, लेकीच्या ओट्यावर जेवली, आणि एकानं मला मिठी मारली.

घळीतून येणारा वास मात्र हलेना. पाहुण्यांचे दिवस नसले तरी पोल्ट्रीवाले तिथंच आणून टाकायला लागले. फुकटची जागा झाली होती. चाचांनी एकट्यानं टाकायचं असं ठरलं होतं. आता ट्रॅक्टर रिकामे व्हायला लागले. आणि मग कुत्री आली. हायवेची, गावांची, कुठकुठची. लुकलुकत्या डोळ्यांची, खरजेची, फुगलेल्या पोटांची कुत्री. दिवसभर त्या ढिगावर पडून असायची. लांडगे मागं सरकले. पुढच्या वर्षीच्या पिल्लांमध्ये एक तांबूस, कुत्र्यासारख्या वळलेल्या शेपटीचं दिसलं. पाहुणे म्हणाले, "रेअर कलर!" गाइड माझ्याकडं बघायला लागला. मी मान हलवली.

चाचा रोज घळीवर यायचे, पिंपं रिकामी करायचे, आणि परत जाताना पहिल्यासारखं कुणाच्या मनगटाला फाया लावायचे नाहीत. मी विचारलं.

"हात स्वच्छ वाटत न्हाई हल्ली," ते म्हणाले. "किती बी धुवा."

त्या सुमाराला धनगरवाडीच्या आबांच्या वाघरात, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीत, कुत्री शिरली. आबा आणि चाचा एका वयाचे, लहानपणी एकत्र मेंढरं वळलेले. बाकीच्यांनी मेंढरं विकून कांदा धरला, आबांनी मात्र एक लहानसा कळप ठेवला होता. सकाळी गेलो तर जाळी फाटलेली, आणि आत जे होतं ते मेंढरं होती एवढंच ओळखू येत होतं. लांडगा एखादं उचलून नेतो. इथं नेलं काहीच नव्हतं. नुसतं फाडलं होतं. एक गाभण मेंढी अजून श्वास घेत होती.

आबा कोपऱ्यात बसून बिडी ओढायचा प्रयत्न करत होते, काडी पेटत नव्हती. चाचांनी काडी पेटवून दिली.

मी आबांजवळ बसलो. म्हणालो, "आबा, वनखात्याचा माणूस येईल. कुत्र्यांनी मारलं म्हणालात तर भरपाई नाही. लांडग्यानं मारलं म्हणा."

आबांनी माझ्याकडं बघितलं, मग चाचांकडं. "लांडगाच म्हनू मग. काय फरक पडतुया. त्यो काय कोर्टात येतुया व्हय सांगायला?"

चाचांनी फाया काढला. नाकाशी धरला आणि तसाच धरून राहिले. बोललेच नाहीत. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं, की बोलण्याआधी वास घेणाऱ्या माणसाला न बोलताही खूप काही सांगता येतं.

मग ते फावडं घेऊन उठले आणि त्यांनी ती मेंढरं पुरली. एकट्यानं. गाभण मेंढीचा श्वास थांबेपर्यंत तिच्यापाशी बसले, मग तिलाही.

पुढच्या रविवारी आमची सगळ्यांत मोठी ट्रिप होती. चार जीपा भरून. सकाळी घळीसमोर जाऊन बघतो तर चाचा घळीत खड्डा खणत होते. पिंपं शेजारी उभी, चुन्याची गोणी उघडी. कुत्री लांब सरकून गुरगुरत होती. चाचा शांतपणे फावड्यानं ओढून ओढून तो सगळा कुजका ढीग खड्ड्यात लोटत होते. वारा आमच्याकडं होता. जीपमध्ये एकानं उलटी केली.

"सर, हे काय चाललंय?" एका बाईंनी विचारलं. "हा माणूस कोण आहे? वुल्फ येतील का आता?"

मी खाली उतरलो. "चाचा! बंद करा. पाहुणे आहेत."

ते मागं वळले. घामानं न्हाले होते. "असू द्या की. त्यांनी बी बघू द्या. लांडगं बघाया आल्यात, लांडगं काय खात्यात ते बी बघू द्या."

"चाचा, प्लीज. तुमच्याच घरचं जेवण आहे आज सगळ्यांचं."

"तेच तर," ते म्हणाले. "माझ्या पोरीच्या ताटात येतंय हे समदं. घाणीची जागा सोडली सर तुम्ही. मी बी सोडली. आता परत ठेवतोय."

मागून बाई परत विचारत होत्या. मी वळलो आणि म्हणालो, मोठ्यानं, सगळ्या जीपांना ऐकू जाईल असं, "माफ करा हं. गावातलेच आहेत, वयस्कर आहेत. डोक्यावर जरा परिणाम झालेला आहे."

चाचांना ऐकू गेलं. फावडं थांबलं नाही. उरलेली माती त्यांनी ओढली, थोपटली, बोअरवर जाऊन हात धुतले, एकदा, परत एकदा, आणि घरी गेले.

त्या दिवशी पाहुणे जेवायला थांबले नाहीत. लेकीनं पहाटेपासून केलेल्या भाकऱ्या टोपलीत राहिल्या. संध्याकाळी देवळापुढच्या पारावर लोक जमले. कुणी म्हणालं, म्हाताऱ्याला सगळ्यांच्या पोटावर पाय द्यायचाय. कुणी त्याहून वाईट, जे चाचांच्या धर्मावर जात होतं. ज्यानं म्हटलं तो त्यांच्याकडून वर्षानुवर्षं अत्तर लावून घेत आला होता. मला तेव्हा बोलता आलं असतं, की कल्पना माझी होती. पार तिथंच होता, माणसंही होती. मी बोललो नाही.

लेक सगळ्यांत शेवटी बोलली. ओरडली नाही. "अब्बा, लांडग्यांचं, मेंढरांचं, समद्यांचं तुम्हाला दिसतं. माझंच कसं दिसत न्हाई?"

चाचांचा हात कानाकडं गेला. फाया नव्हता. खणताना कुठंतरी पडला असावा. ते तसेच म्हणाले, "चुकलं, बेटा." आणि काय चुकलं ते सांगितलं नाही.

आठवड्याभरात ते दौंडला पुतण्याकडं राहायला गेले. पुतण्या रेल्वेत होता. घळीतला खड्डा पोल्ट्रीवाल्यांनी दोन ट्रॅक्टर टाकून झाकला. म्हणजे वर अजून दोन ट्रॅक्टर मरतुक.

मी एकदाच भेटलो त्यांना. दौंडला ऑफिसचं काम होतं, स्टेशनबाहेर चहाच्या टपरीवर दिसले. अंगानं उतरले होते. खिशातून स्टीलचा पेला काढला तेव्हा मला बरं वाटलं, आणि मग वाटलं, इथं तर कुणाला त्यांचं काम माहीत नाही. इथं पेला कशाला?

"सवय," ते म्हणाले. मी न विचारता.

पोरीचं विचारलं, नातीचं विचारलं, आबांचं विचारलं. आबांना भरपाई मिळाली का विचारलं, मिळाली म्हणालो. टेकडीवर गवत कसंय विचारलं. छान आहे म्हणालो. घळीचं विचारलं नाही. निघताना मी हात पुढं केला, मनगट वर करून, लहान मूल करतं तसा. कानात फाया होता, मला दिसत होता. चाचांनी माझा हात हातात घेतला, दाबला, आणि सोडला.

मागच्या हिवाळ्यात ते गेले. फोन लेकीनंच केला. दौंडला पोहोचलो तेव्हा मोहल्ल्यात गर्दी होती. गावाकडचे फक्त आबा आणि दोन-तीन जण. आबा भिंतीला टेकून उभे होते. मला म्हणाले, "खांदा देनार न्हवं? द्या. चालतं तेंच्यात, समद्यांनी द्यायचा अस्तो." मी दिला. वर टाकलेल्या चादरीवर अत्तर शिंपडलेलं होतं. थंडी होती म्हणून हिना. माझा तळवा त्या चादरीवर होता, आणि माणसं झपझप चालत होती, आणि खांद्यावर वजन असं वाटलंच नाही.

कब्रस्तानात सगळ्यांनी मूठ मूठ माती दिली. मीही दिली. पुतण्या फावड्यानं माती थोपटत होता, अगदी त्यांच्यासारखी. माझ्या तोंडात आलं, "चला, सुटलात." म्हणालो नाही.

घराशी परतलो तेव्हा लेक बायकांमधून उठून दारापर्यंत आली. डोळे सुजलेले. मला वाटलं, आता तरी ती मला काहीतरी बोलेल. मी त्याची वाटच बघत होतो इतकी वर्षं.

"सर," ती म्हणाली, "उद्या गेस्ट हायेत न्हवं? बुकिंग मोडू नका. शेजारच्या पोरीला सांगितलंय, जेवण व्हईल."

मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी पहाटे घळीवर ट्रॅक्टर आला नव्हता. ड्रायव्हर लग्नाला गेला होता, आणि आदल्या दिवसाचं सगळं कुत्र्यांनी संपवलेलं. जीप यायला थोडाच वेळ होता. जवळच्या शेडच्या दाराशी ढीग होता. मी पोतं घेतलं आणि भरायला लागलो. इतक्या वर्षांत मी एकदाही मरतुकीला हात लावला नव्हता. पाय थंडगार असतात. पंख मात्र अजून ऊबदार वाटतात. घळीत पोतं ओतलं, आणि तेव्हा आठवलं की दौंडहून आल्यापासून मी हात धुतलेच नव्हते. आदल्या रात्री मुद्दाम धुतले नव्हते. कुजक्या वासातूनही तळव्याला हिनाचा दरवळ होता.

पाहुणे आले, मी त्यांच्या जीपमध्ये चढलो. ऊन आलं. धारेवर मादी दिसली. एकटीच, बऱ्याच दिवसांनी. जीपमध्ये सगळ्यांनी श्वास रोखले. ती खाली आली, मी ओतलेल्या ढिगाशी थांबली, नाक खाली नेलं. नाक वर केलं. परत खाली नेलं. मग मागं वळली आणि न खाता, न पळता, गवतातून वर निघून गेली. अत्तरामुळे, की माणसाच्या ताज्या वासामुळे, की तिला भूकच नव्हती, मला सांगता येणार नाही. एवढं खरं, की मी हातानं घातलेलं तिनं घेतलं नाही.

मग कुत्री आली. त्यांना वासाचं काही नसतं. पाच-सहा ढिगावर तुटून पडली, त्यात तो तांबूस, वळलेल्या शेपटीचाही होता. क्यामेरे खडखडायला लागले.

पुढच्या सीटवरचा एक तरुण माझ्याकडं वळला. पहिल्यांदाच आला होता, डोळे चमकत होते. "सर, हेच ना वुल्फ?"

माझा हात आपोआप नाकाशी गेला. वास होता. डोळे मिटून एक लांब श्वास घेतला.

"हो," मी म्हणालो.